काचेच्या घराचे छायाचित्र आणि अकोल्याचा मे महिना

घर बांधायचे ठरले की सर्वात आधी चित्रे गोळा होतात. पूर्वी ती मासिकांतून कापून ठेवली जात, आता ती मोबाइलमध्ये साठवली जातात. मग त्यांतले एखादे चित्र मिस्त्रीपुढे किंवा आर्किटेक्टपुढे ठेवून 'समोरून असे दिसले पाहिजे' असे सांगितले जाते. अकोल्यातील आणि अमरावतीतील नव्या वस्त्यांतून चक्कर मारली, तर या चित्रांचा प्रभाव जागोजाग दिसतो. रस्त्याकडच्या बाजूला उंच काच, वर सपाट स्लॅब आणि छज्जा जवळजवळ नाहीच. घर देखणे दिसते. मे महिन्यात मात्र त्याच काचेवर आतून जाड पडदा ओढलेला असतो.

यात चित्राने कोणाला फसवले असे म्हणता येत नाही. चित्र नीट वाचले गेले नाही, एवढेच म्हणता येते. आपण विद्यार्थ्यांना नकाशा वाचायला शिकवतो, आलेख वाचायला शिकवतो. छायाचित्र वाचायला मात्र शिकवत नाही, कारण ते तर नुसते 'दिसते', त्यात वाचायचे काय, असे आपण धरून चालतो. या लेखात आपण विसाव्या शतकातील आधुनिक घराचे एक अतिशय गाजलेले छायाचित्र घेऊ आणि ते ओळीने वाचू. त्यासाठी शाळेतल्या विज्ञानाखेरीज काही लागणार नाही. शेवटी एक प्रश्न विचारू : हे घर वऱ्हाडात आणून ठेवले तर काय होईल?

छायाचित्रात काय दिसते?

छायाचित्र कृष्णधवल आहे. वेळ रात्रीची. डोंगराच्या कडेवर एक घर आहे आणि घराच्या बैठकीचा कोपरा कडेच्या पुढे आलेला आहे. या बैठकीला भिंती अशा नाहीतच. जमिनीपासून छतापर्यंत काच आहे. आत फिकट रंगाच्या पोशाखातल्या दोन तरुणी निवांत बोलत बसल्या आहेत. छतातून गोल दिवे लोंबत आहेत. वरचे सपाट छप्पर काचेच्याही पुढे आलेले आहे. आणि खाली, दूरवर, एका अफाट शहराचे दिवे सरळ रांगांमध्ये क्षितिजापर्यंत पसरले आहेत. छताखालच्या पन्हळींच्या रेषा आणि शहराच्या रस्त्यांच्या रेषा जणू एकाच दिशेने धावतात. त्यामुळे हे घर शहरावर तरंगते आहे असा भास होतो.

हे शहर अमेरिकेतील लॉस एंजेलिस. छायाचित्रकार ज्युलियस शुलमन (१९१०–२००९), वास्तुकार पिएर केनिग (१९२५–२००४). घराचे मालक स्टाल कुटुंब, म्हणून ते 'स्टाल हाउस' या नावाने ओळखले जाते. छायाचित्र घेतल्याची तारीख ९ मे १९६०. यातला महिना लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

या घराला आणखी एक नाव होते : 'केस स्टडी हाउस क्रमांक २२'. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांची मोठी गरज निर्माण होणार हे ओळखून 'आर्ट्स अँड आर्किटेक्चर' या मासिकाचे संपादक जॉन एन्टेन्झा यांनी १९४५ मध्ये एक उपक्रम जाहीर केला. नव्या औद्योगिक सामग्रीतून साधी, परवडणारी, पुन्हा पुन्हा बांधता येतील अशी नमुन्याची घरे निरनिराळ्या वास्तुकारांकडून करून घ्यायची, ही त्यामागची कल्पना. १९६६ पर्यंत तीसहून अधिक आराखडे झाले. ते सगळेच बांधले गेले नाहीत. म्हणजे हे छायाचित्र मुळात एका प्रयोगाचे दस्तऐवज आहे. 'नवे घर असेही असू शकते' असे ते सांगते.

एका चित्रात दोन क्षण

आता पहिला प्रश्न. शहराचे दिवे कित्येक किलोमीटर दूर आणि अंधूक, बैठकीतला उजेड जवळचा आणि प्रखर. मग दोन्ही एकाच चित्रात इतके स्पष्ट कसे आले?

रात्री घराच्या खिडकीतून बाहेरचा फोटो काढून पाहिला असेल तर अडचण कळेल. बाहेरचे दिवे नीट यावेत म्हणून जास्त वेळ प्रकाश आत घेतला, तर खोली पांढरीफटक होते. खोली नीट आणली, तर बाहेर नुसता काळोख येतो. शुलमन यांनी यावर काढलेला मार्ग साधा होता. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवला. घरातले दिवे मालवले. मग कॅमेऱ्याची झडप सुमारे सात मिनिटे उघडी ठेवली. या सात मिनिटांत शहराचे दिवे फिल्मवर हळूहळू उमटत गेले. त्या तरुणी तोवर अंधारात बसून होत्या. अंधारातल्या माणसाकडून फिल्मकडे प्रकाशच येत नाही, त्यामुळे त्या थोड्या हलल्या तरी चित्रावर परिणाम नव्हता. शेवटी फ्लॅशचे बल्ब एकदाच पेटवले. त्या क्षणार्धात बैठक, खुर्च्या आणि माणसे फिल्मवर आली, तीही स्थिर, कारण फ्लॅश सेकंदाच्या लहानशा अंशातच विझतो.

फ्लॅशने शहराचे चित्र बिघडले कसे नाही? प्रकाशाचा व्यस्त वर्गाचा नियम आठवा. अंतर दुप्पट झाले की प्रकाशाची तीव्रता चौथाई होते. बैठकीतली व्यक्ती फ्लॅशपासून ६ मीटरवर आणि शहरातली एखादी इमारत ३ किलोमीटरवर असे समजा. अंतर ५०० पट, म्हणजे तिथे पोचणारा उजेड अडीच लाखांश. शहराच्या दृष्टीने फ्लॅश पेटलाच नाही म्हणा ना!

काच दिसत का नाही, याचेही उत्तर इथेच मिळते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, दोन्ही मिळून ८ टक्के. रात्री दिवा लावलेल्या खोलीत काचेपाशी उभे राहिले की आपलेच प्रतिबिंब दिसते, कारण बाहेरून येणारा प्रकाश या ८ टक्क्यांपेक्षाही कमी असतो. शुलमन यांचा कॅमेरा घराच्या बाहेर, अंधारात होता. अंधाराचे प्रतिबिंब अंधारच. त्यामुळे कॅमेऱ्याच्या बाजूची काच जणू नाहीशी झाली.

तात्पर्य काय? जे दृश्य आपल्याला एका क्षणाचे वाटते, ते कोणाही माणसाने तसे पाहिलेले नाही. सात मिनिटांचे शहर आणि क्षणभराची बैठक एकमेकांवर ठेवून ते तयार झाले. त्यात खोटे काहीच नाही; पण ते आपोआप 'मिळालेले' नाही, ते रचलेले आहे.

काचेची भिंत छप्पर कसे पेलते?

उत्तर असे की ती पेलतच नाही. आपल्याकडच्या जुन्या घरात छपराचा भार भिंतीवर असतो, म्हणून भिंत जाड आणि खिडकी लहान. खिडकी रुंद केली तर वरचा भार कुठे जाणार? केनिग यांनी घराचा सांगाडा पोलादाचा केला. पोलादी खांब सुमारे ६ मीटर अंतरावर, त्यांवर पोलादी तुळया आणि तुळयांवर पन्हळी पत्र्याचे छत. सगळा भार या सांगाड्यातून जमिनीत जातो. भिंतीचे काम फक्त वारा-पाऊस अडवण्याचे उरले. ते काच करू शकते.

कडेच्या पुढे आलेला भाग आणि पुढे काढलेले छप्पर कसे टिकते, हे वर्गात फूटपट्टीने दाखवता येईल. पट्टीचा थोडा भाग टेबलाबाहेर काढा आणि टेबलावरच्या टोकावर जाड पुस्तक ठेवा. बाहेरच्या टोकावर बोटाने दाब द्या. मागे पुस्तक असेपर्यंत पट्टी खाली जात नाही. पट्टीची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. पोलाद ताण आणि दाब दोन्ही चांगले सोसते. माती आणि वीट दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. म्हणून मातीच्या घराला असा अधांतरी कोपरा काढता येत नाही. छायाचित्रातले 'तरंगणे' ही पोलादाची करामत आहे.

चौकटीबाहेर काय राहिले?

छायाचित्राला चार कडा असतात. वाचताना कडांच्या बाहेर काय आहे हेही विचारायचे असते.

त्या दोन तरुणी या घरच्या नव्हेत. केनिग यांच्या मदतीला आलेल्या विद्यार्थ्यांच्या त्या मैत्रिणी. ज्यांचे घर ते बक आणि कार्लोटा स्टाल चित्रात नाहीत. घर तेव्हा पुरते झालेलेही नव्हते. बैठकीतले सामान छायाचित्रासाठी आणून मांडले होते. ही डोंगरकडेची जागा स्टाल यांनी १९५४ मध्ये घेतली होती. तिथे घर बांधता येईल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. बक स्टाल सुटीच्या दिवशी बांधकामांवरचे फेकून दिलेले काँक्रीटचे तुकडे गाडीतून आणत आणि ते रचून जमिनीची कड भक्कम करत. अशी काही वर्षे गेली. ही मेहनत चित्रात कुठेच दिसत नाही.

दिसत नाही ती आणखी एक गोष्ट, आणि आपल्या दृष्टीने ती सर्वात महत्त्वाची : हवा. छायाचित्र रात्रीचे आहे, सूर्य त्यात नाही. लॉस एंजेलिस समुद्राजवळ आहे. भर उन्हाळ्यातही तिथले सरासरी कमाल तापमान २८-२९ अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि रात्री हवा गार होते. अशा ठिकाणी काचेचे सरकते दार उघडले की खोली आपोआप सुखद होते. ९ मेच्या रात्री काचेच्या खोलीत निवांत गप्पा मारणे तिथे सहज शक्य आहे.

थोडक्यात, छायाचित्राला उजेड दिसतो, उष्णता दिसत नाही. ज्या चित्रावरून आपण घर ठरवतो, त्यात घराच्या सुखदुःखाचा अर्धा भाग मुळातच नसतो.

अकोल्याचा सूर्य

आता तेच घर अकोल्यात आणू. मे महिना तोच. अकोल्याचे मेमधले सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या आसपास आहे आणि उन्हाच्या लाटेत पारा ४५ च्या वर जातो. पण नुसत्या तापमानाने चित्र पुरे होत नाही. सूर्य कुठे असतो ते पाहावे लागते.

लॉस एंजेलिस सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. २१ जूनच्या दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ७९ अंशांवर असतो आणि २२ डिसेंबरला सुमारे ३३ अंशांवर. दक्षिणेच्या काचेवर छप्पर पुढे काढले, तर उन्हाळ्यात दुपारचे ऊन अडते आणि हिवाळ्यात तिरपे ऊन आत येते. छायाचित्रातल्या पुढे आलेल्या छपराचा हा उपयोग आहे. ते केवळ शोभेचे नाही.

अकोला सुमारे २०.७ आणि अमरावती सुमारे २०.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा हा दिवस बऱ्याच शाळांतून काठी रोवून पाहिला जातो. त्या निरीक्षणाचा घराशी संबंध जोडून पाहा. काठीची सावली नाही, याचा अर्थ दुपारी उभ्या भिंतींवर ऊन जवळजवळ नाही. सगळे ऊन छपरावर आहे. मेमध्ये दुपारी छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर ९०० वॅटच्या आसपास सौर ऊर्जा पडते. म्हणून वऱ्हाडात घराची खरी दक्षिण बाजू म्हणजे छप्पर, असे गमतीने म्हणायला हरकत नाही.

दुसरा त्रास पश्चिमेचा. दुपारी चार वाजता सूर्य जवळजवळ पश्चिमेला, क्षितिजापासून सुमारे ३८ अंशांवर असतो. इतक्या तिरप्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर तेव्हा प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ५०० वॅट ऊर्जा पडते. आता ही भिंत काचेची आहे, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, असे समजा. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. साधी काच यातली सुमारे ८० टक्के ऊर्जा आत सोडते. गणित करू :

१२ × ५०० × ०.८ = ४८०० वॅट.

एक किलोवॅटच्या जवळजवळ पाच विजेच्या शेगड्या खोलीत पेटवून ठेवल्यासारखे हे झाले. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र खोलीतून साधारण ५२०० वॅट उष्णता बाहेर काढते. म्हणजे त्याची जवळजवळ सगळी ताकद एका काचेच्या भिंतीची भरपाई करण्यातच जाईल. छप्पर, माणसे आणि बाहेरची गरम हवा यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

आत आलेले ऊन पुन्हा बाहेर का जात नाही? काचेतून दृश्य प्रकाश आणि जवळचे अवरक्त किरण आत येतात, फरशी आणि सामान तापवतात. तापलेल्या वस्तू दूरच्या, म्हणजे लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सोडतात आणि त्या किरणांना काच अपारदर्शक असते. शिवाय बंद काचेमुळे गरम हवाही अडकते. आतून पडदा लावण्याचा उपयोग मर्यादित का, हेही यातून कळते. पडद्यापर्यंत ऊन पोचते तेव्हा ते काचेच्या आत आलेलेच असते. तीच चटई काचेच्या बाहेर टांगली तर फरक लगेच जाणवतो.

धाब्याच्या घराचे उत्तर

वऱ्हाडातल्या जुन्या घरांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळयांवर मातीचे धाबे, लहान खिडक्या, पुढे ओसरी. या घरात पाऊल टाकताच दुपारी गारवा जाणवतो. त्याचे कारण माती 'थंड' असते हे नव्हे. कारण वेळेचे आहे.

भिंतीच्या बाहेरच्या बाजूला दुपारी उष्णता लागते. ती आतल्या बाजूला पोचायला वेळ लागतो आणि वाटेत तिची लाट ओसरत जाते. ४५ सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीत हा वेळ बारा तासांहून अधिक असतो आणि आत पोचेपर्यंत दिवसरात्रीतला चढउतार नाममात्रच उरतो. वऱ्हाडात उन्हाळ्यातही दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात मोठा फरक असतो, म्हणून हा उपाय इथे लागू पडतो. घर दिवसा बंद ठेवायचे आणि रात्री उघडायचे ही जुनी शिस्त याच विज्ञानावर उभी आहे.

आता १० सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब घ्या. त्यातून उष्णतेची लाट सुमारे तीन तासांत खाली पोचते आणि फारशी ओसरतही नाही. दुपारी दोन-तीन वाजता वर तापलेला स्लॅब संध्याकाळी पाच-सहाला आतून तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. जेवणानंतर छताचा पंखा गरम वारा का मारतो, याचे उत्तर हेच. गच्चीवर झोपायला जाण्याआधी पाणी शिंपडतात, तेव्हा पाण्याची वाफ होताना स्लॅबमधली उष्णता निघून जाते. कूलरच्या ताट्या आणि वाळ्याचे पडदे याच तत्त्वावर चालतात. मेमधली हवा कोरडी असते म्हणून ते चालतात; पाऊस सुरू झाला की त्यांचा जोर कमी होतो.

यावरून सगळ्यांनी धाब्याच्या घरात परत जावे असा अर्थ कोणी काढू नये. त्या घरात उजेड कमी असे, पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकून ते नीट करावे लागे, तरी गळती सुटत नसे. सारवण्या-लिंपण्याचे काम तर वर्षभराचे, आणि ते बहुतेक बायकांच्याच वाट्याला येई. गाजलेल्या छायाचित्रात जशी घामाची बाजू दिसत नाही, तशी ती जुन्या वाड्याच्या सुंदर छायाचित्रातही दिसत नाही. वाचण्याची रीत दोन्हींना सारखीच लावली पाहिजे.

त्याच काळातले आपल्याकडचे उत्तर

आधुनिक घर म्हणजे काचेचेच घर, असे नाही. स्टाल हाउसचे छायाचित्र निघाले त्याच सुमारास मुंबईचे वास्तुकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्यापुढे उष्ण प्रदेशातल्या कमी खर्चाच्या घराचा प्रश्न होता. गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेसाठी त्यांनी १९६१ च्या सुमारास 'ट्यूब हाउस' नावाचा आराखडा केला आणि त्याचा नमुना अहमदाबादला बांधला गेला. अहमदाबादचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे.

हे घर नळीसारखे अरुंद आणि लांब होते. शेजारी शेजारी अशी घरे रचली की लांब भिंती दोन घरांत सामाईक होतात आणि त्यांच्यावर ऊन पडतच नाही. छप्पर आतून तिरपे. तापलेली हवा हलकी होऊन तिरप्या छताखालून वर सरकते, वरच्या फटीतून बाहेर जाते आणि तिच्या जागी खालून नवी हवा येते. दाराजवळच्या पट्ट्यांच्या झडपांनी ही हवा कमीजास्त करता येई. पंख्याशिवाय, विजेशिवाय. ही करामत समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाही. त्यासाठी घराचा उभा छेद काढावा लागतो. ट्यूब हाउसचा नमुना १९९५ मध्ये पाडला गेला. त्यातली कल्पना कळते ती मुख्यतः छेदचित्रावरूनच.

कोरियांचीच मुंबईतली 'कांचनजंगा' ही उंच निवासी इमारत (१९७०–१९८३) छायाचित्रांतून बरीच प्रसिद्ध आहे. पांढऱ्या उंच ठोकळ्याच्या कोपऱ्यांतून मोठे चौकोन कापून काढावेत तशी ती दिसते आणि त्या चौकोनांत काळीभोर सावली असते. ही सावली वाचता आली पाहिजे. मुंबईत वारा आणि समुद्राचे दृश्य पश्चिमेला, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारही पश्चिमेकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर व्हरांड्याचा उपाय केला होता. कोरियांनी तोच व्हरांडा दुमजली उंचीची बागेची गच्ची करून आकाशात नेला. चित्रातला काळा चौकोन म्हणजे आपली ओसरीच. ऊन घराच्या भिंतीपर्यंत पोचण्याआधीच अडवायचे, हे तत्त्व तेच.

वर्गात करण्यासारखे

१. मुलांनी आपल्याला आवडणाऱ्या एखाद्या घराचे छायाचित्र आणावे आणि पुढील प्रश्नांची उत्तरे त्यातूनच शोधावीत. वेळ कोणती? सावली कुठे पडली आहे आणि त्यावरून दिशा कोणती? कॅमेरा किती उंचीवर? चित्रात माणसे आहेत का, आणि ती तिथे काय करताहेत? स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे का दिसत नाहीत? हे घर कोणत्या अक्षांशावरचे असेल?

२. बुटांची दोन सारखी खोकी घ्या. एकाच्या एका बाजूला काच किंवा पारदर्शक कागद लावा, दुसरे तसेच ठेवा. दोन्हींत तापमापक ठेवून ती बाजू दुपारी चारला पश्चिमेकडे करा. दर पाच मिनिटांनी नोंद घ्या. मग पहिल्या खोक्याला आधी आतून आणि नंतर बाहेरून कापड लावून पुन्हा नोंदी घ्या. दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवा.

३. सारख्या दोन फरश्या उन्हात ठेवा, एकीला चुन्याचे दोन हात द्या. करडे काँक्रीट पडलेल्या उन्हापैकी साधारण एक तृतीयांश परत पाठवते, ताजा पांढरा थर ७० टक्क्यांच्या आसपास. अर्ध्या तासाने हात लावून फरक पाहा. गच्चीला पांढरा रंग देणे हा स्लॅबच्या घरासाठी सर्वात स्वस्त उपाय का, ते मुलांनाच सांगू द्या.

४. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या घराचे छायाचित्र सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता एकाच जागेवरून घ्यावे आणि प्रत्येक छायाचित्रामागे आतले तापमान लिहावे. तापमान लिहिलेले छायाचित्र हे साध्या छायाचित्रापेक्षा किती वेगळे वाचले जाते, ते वर्गात बोलून पाहावे.

बहुतेक कुटुंबे आयुष्यात एकदाच घर बांधतात, तेही बरेचदा कर्ज काढून. पश्चिमेला काच घ्यायची की ओसरी, हा निर्णय कागदावर असतो तोवर एका रेषेचा असतो. बांधकाम झाल्यावर तो पुढची तीस-चाळीस वर्षे दर मे महिन्यात आणि दर वीजबिलात भोगावा लागतो. आज आपल्यासमोर बसलेली मुले हा निर्णय उद्या घेणार आहेत. स्टाल हाउसचे छायाचित्र त्यांना जरूर दाखवावे. ते सुंदर आहे आणि त्यातले घरही आपल्या जागी शहाणपणाने बांधलेले आहे. चिखलदऱ्याच्या उंचीवर कोणी त्याची थोडी नक्कल केली तर कदाचित चालूनही जाईल. अकोल्यात किंवा अमरावतीत मात्र त्याच्याकडून घेण्यासारखे आहे ते काच नव्हे. सूर्य कुठून येतो, हवा कशी वाहते आणि हाताशी सामग्री कोणती आहे हे पाहून घर ठरवायचे, ही त्या वास्तुकाराची पद्धत आपण घेऊ शकतो. ती पद्धत वऱ्हाडात वापरली, तर तयार होणारे घर त्या चित्रासारखे दिसणार नाही, आणि मेच्या दुपारी त्यात माणसाला बसता येईल.